जॉर्ज फ्रीथची आजी : आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील मंडळींना खुले पत्र

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पर्यटनाची पत्रके लिहिणारे, माहितीफलक लावणारे, सर्फिंग शिकवणारे आणि त्याचे महोत्सव भरवणारे आपण सर्व,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेली अकरा वर्षे मी स्लायगो काउंटीत राहते आणि त्यांपैकी सात वर्षे, अंगावर जाड रबरी पोशाख चढवून, स्ट्रँडहिलच्या लाटांवरून नियमितपणे पडते आहे. पडते असेच म्हणायला हवे. उभी राहते असे म्हणण्याइतकी माझी प्रगती अजून झालेली नाही. आपल्यापैकी काहींनी मला शिकवले आहे आणि पाण्याची ओढ ओळखायला लावून एकदोनदा मोठ्या संकटातून वाचवलेही आहे. तेव्हा हे पत्र तक्रारखोर परक्याचे नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.

पत्र मराठीत का, तेही सांगते. तीन वर्षांपूर्वी डब्लिनहून आणि भारतातून इकडे येणाऱ्या मराठी पाहुण्यांसाठी मी या किनाऱ्याची बारा पानांची एक पुस्तिका तयार केली. आधुनिक सर्फिंगचा जनक जॉर्ज फ्रीथ हा आयरिश बापाचा मुलगा होता आणि म्हणून या खेळाची मुळे आयर्लंडमध्ये आहेत, अशा अर्थाचा मजकूर इथल्या पत्रकांत मी वाचला होता, गप्पांत ऐकला होता, आणि कसलीही चौकशी न करता तो मी पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर मराठीत उतरवला. पुस्तिका पुष्कळ घरांत गेली. नंतर फ्रीथविषयी सावकाश वाचत गेले, तसतसे ते पहिले पान मला टोचू लागले. चूक मी मराठीत केली, तेव्हा दुरुस्तीही मराठीत आणि चारचौघांत व्हायला हवी. पत्राची इंग्रजी प्रत आपल्याला टपालाने वेगळी मिळेल.

फ्रीथ सर्फिंगमधला मोठा माणूस होता, याबद्दल वाद नाही. 8 नोव्हेंबर 1883 रोजी हवाई बेटांवरच्या होनोलुलूत जन्मलेला हा तरुण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या वाईकीकी किनाऱ्याच्या उत्तम फळीस्वारांमध्ये मोजला जाई. 1907 मध्ये लेखक जॅक लंडन आपल्या नौकेने हवाईला आला, तिथे अलेक्झांडर ह्यूम फोर्ड नावाच्या उत्साही माणसाने त्याला लाटांवर नेले आणि फ्रीथशी गाठ घालून दिली. त्याच वर्षी लंडनने अमेरिकेतल्या एका महिला मासिकात सर्फिंगवर जो लेख लिहिला, त्यात फ्रीथ नावानिशी आला. तोवर फ्रीथ कॅलिफोर्नियाला पोहोचलाही होता. व्हेनिस आणि रिडोंडो इथल्या किनाऱ्यांवर ट्रॅम आणि जमिनीचे व्यापारी लोकांना समुद्राकडे ओढण्याच्या खटपटीत होते आणि त्यांना प्रेक्षक जमवणारा माणूस हवा होता. रिडोंडोत तर पाण्यावर चालणारा माणूस म्हणून त्याची जाहिरात झाली. आयरिश, हवाईयन की आणखी कोणी, हा प्रश्न त्या तिकीट काढून आलेल्या गर्दीला पडला असेल असे वाटत नाही.

आता वंशावळीकडे. 2008 मध्ये जोएल कॉनरॉय दिग्दर्शित ‘वेव्हरायडर्स’ हा माहितीपट आला आणि फ्रीथचे आयरिशपण इथे घरोघरी पोहोचले. फ्रीथच्या वडिलांचे नावही जॉर्ज फ्रीथच होते. समुद्रावर आयुष्य काढलेला माणूस, आणि त्याच्या आयरिश मुळावर हा सगळा दावा उभा आहे. ते मूळ मी मान्यच करून चालते. पण माणसाला वडील असतात तशी आईही असते. फ्रीथची आई एलिझाबेथ ग्रीन. तिचे वडील विल्यम लोथियन ग्रीन हे इंग्लंडहून आलेले व्यापारी आणि भूगर्भशास्त्राचे अभ्यासक. हवाईच्या राजांच्या मंत्रिमंडळात त्यांनी काम केले होते. एलिझाबेथची आई मात्र हवाईयन होती. म्हणजे रक्ताचाच हिशेब मांडायचा तर फ्रीथच्या चार आजी-आजोबांपैकी एकच, आईची आई, त्या बेटांची. बाकीचे तिघे युरोपीय.

हा हिशेब तुमच्या बाजूचा आहे असे वरवर पाहता वाटेल, आणि वाचताना मलाही क्षणभर तसेच वाटले होते. पण हाच हिशेब दाव्याला सुरुंग लावतो. तीन चतुर्थांश युरोपीय रक्ताचा हा मुलगा लाटेवर उभा राहायला शिकला तो ना वडिलांकडून, ना इंग्रज आजोबांकडून. आयर्लंडच्या किंवा इंग्लंडच्या किनाऱ्यावर त्या काळी लाटेवर फळी घालून उभे राहण्याची रीतच नव्हती. डोनेगॉलचे, मेयोचे दर्यावर्दी लाट ओळखत होते, कॅनव्हास चढवलेल्या हलक्या करॅख होड्यांमधून ती ओलांडत होते. मौजेसाठी तिच्यावर स्वार होण्याचा विचार त्यांच्या परंपरेत नव्हता. ती रीत, ती फळी आणि त्या फळीचे नाव हे सारे फ्रीथला मिळाले ते त्याच्या आजीच्या लोकांकडून, वाईकीकीच्या पाण्यात. रक्त वडिलांचे किती आणि आईचे किती, याने लाट पकडता येत नाही. तुमच्या पत्रकांत ही आजी कुठेच नाही. माझ्या पुस्तिकेतही नव्हती.

हवाईयन भाषेत या विद्येला ‘हेए नालू’ म्हणतात: लाटेवरून घसरत जाणे. तिच्यात फळ्यांचेही प्रकार होते. ‘अलाइया’ ही पातळ आणि तुलनेने आखूड, तर ‘ओलो’ ही लांब आणि जाड, सरदार-राजघराण्यांशी जोडलेली. राजापासून मच्छीमाराच्या मुलींपर्यंत सगळे लाटेवर जात. 1779 च्या सुमारास कॅप्टन कुकच्या जहाजांवरचे गोरे लोक हे पाहून थक्क झाले आणि त्यांनी ते लिहून ठेवले. पुढच्या शतकात काय झाले, ते आयर्लंडला समजावून सांगण्याची गरज नसावी. 1820 पासून मिशनरी आले, त्याआधीपासूनच परके आजार येत होते, जमिनी गेल्या, 1893 मध्ये राणीला पदच्युत केले गेले आणि 1898 मध्ये अमेरिकेने बेटे आपल्याला जोडून घेतली. लाखोंनी असलेली हवाईयन वस्ती 1890 च्या शिरगणतीत, मिश्र वंशाचे लोक धरूनही, जेमतेम 40 हजारांवर आली होती. 1896 च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले आणि हवाईयन बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. तुमच्याकडे याच एकोणिसाव्या शतकात आयरिश बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात काठी अडकवत आणि दर शब्दामागे तिच्यावर एक खाच पाडत. दिवसाच्या शेवटी खाचा मोजून मार. ती काठी तुमच्या संग्रहालयांतून मी पाहिली आहे. जे लोक आपली भाषा आणि आपल्या गावांची नावे परत मिळवण्यासाठी शंभर वर्षे झगडले, त्यांनी दुसऱ्या एका तशाच समाजाच्या हातातला उरलेला ठेवा ‘मूळचा आमचा’ म्हणून नकळतही उचलू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

यावर एक उत्तर मला स्ट्रँडहिलच्या किनाऱ्यावर चहा पितापिता मिळाले होते आणि ते टाळण्यासारखे नाही. मूळ हवाईचे खरे, पण ‘आधुनिक’ सर्फिंग, म्हणजे बेटांबाहेर पडलेला आणि जगभर पसरलेला खेळ, तो तर फ्रीथनेच नेला ना? तारखा पाहा. जुलै 1885 मध्ये, म्हणजे फ्रीथ दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा, कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या तीन हवाईयन राजपुत्रांनी सांता क्रूझला सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी रेडवुडच्या फळ्या कापून घेतल्या आणि त्या लाटांवर घातल्या. त्यांतले दोघे, डेव्हिड कवानानाकोआ आणि जोना कूहिओ, 1890 मध्ये इंग्लंडला शिकायला आले आणि यॉर्कशरच्या ब्रिडलिंग्टन इथे उत्तर समुद्राच्या गार पाण्यातही त्यांनी सर्फिंग केले. तुमच्या या बेटांच्या परिसरातली ज्ञात असलेली ही फार जुनी नोंद, आणि तीही हवाईयनांचीच. खेळ मरून गेला होता आणि फ्रीथने तो पुन्हा जिवंत केला, हे म्हणणेही सैल आहे. तो क्षीण झाला होता, पण वाईकीकीला हवाईयन मुले लाटांवर जातच होती. फ्रीथ त्यांच्यातूनच वर आला. फोर्डने 1908 मध्ये स्थापलेला क्लब बहुतांशी गोऱ्यांचा झाला, तेव्हा हवाईयनांनी आपला ‘हुई नालू’ हा क्लब 1911 मध्ये रीतसर उभा केला. त्याच्या संस्थापकांतला ड्यूक कहानामोकू 1912 मध्ये स्टॉकहोमला ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकून आला आणि 1914-15 च्या उन्हाळ्यात त्याने सिडनीजवळ फ्रेशवॉटरला फळीवर उभे राहून दाखवले. ऑस्ट्रेलियाने तिथे ड्यूकचा पुतळा उभारला आहे. त्याच्या पणजोबांचे गाव न्यू साउथ वेल्समध्ये शोधण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत.

या ठिकाणी मला आमच्या घरचेच उदाहरण द्यायचे आहे, कारण वडिलांच्या बाजूने दावा सांगण्याची हौस आम्हा मराठी माणसांना चांगली ठाऊक आहे. माझे आजोळ सिंधुदुर्गात, मालवण तालुक्यात. त्याच तालुक्यात वराड नावाचे गाव आहे. जून 2017 मध्ये लिओ वराडकर तुमचे पंतप्रधान झाले, तेव्हा आमच्याकडच्या वर्तमानपत्रांनी मथळ्यांवर मथळे दिले. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर मूळ वराडच्या घराण्यातले, 1960 च्या दशकात डॉक्टर म्हणून इंग्लंडला गेलेले. 2019 च्या डिसेंबरअखेरीस पंतप्रधान आईवडिलांसह वराडला गेले आणि गावाने त्यांचे मनापासून स्वागत केले. माझ्या मामीने त्या दिवशी मला फोनवर आपल्या घरचे कार्य असल्यासारखा सगळा तपशील सांगितला. आम्ही त्यांना ‘आपले’ म्हटले आणि त्यात काही गैर झाले असे मला आजही वाटत नाही. पण त्यावरून आयर्लंडच्या आधुनिक राजकारणाची मुळे मालवणात आहेत, असे आमच्यातल्या कोणी छापले असते तर? तसे छापायचे तर आधी त्यांच्या आईला, वॉटरफर्ड काउंटीतल्या डंगार्व्हनच्या त्या परिचारिकेला, गोष्टीतून काढून टाकावे लागले असते, आणि डब्लिनच्या ज्या शाळांत, ज्या गल्ल्यांत, ज्या पक्षाच्या बैठकांत तो मुलगा राजकारण शिकला, त्यांनाही. तुम्ही हसला असता. मग फ्रीथच्या बाबतीत आपण सारे गंभीर चेहऱ्याने तेच का करतो?

फ्रीथचा खरा मोठेपणा या वंशावळीच्या नादात झाकला जातो, याचे मला जास्त वाईट वाटते. फळीवर उभा राहणारा पहिला माणूस तो नव्हता. पण समुद्रात उतरणाऱ्या सामान्य माणसाचा जीव कसा वाचवायचा, याचा त्याच्याइतका विचार त्या काळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर क्वचितच कोणी केला असेल. 16 डिसेंबर 1908 रोजी व्हेनिसच्या किनाऱ्यावर वादळ उठले आणि जपानी मच्छीमारांच्या नावा धक्क्याजवळ सापडल्या. फ्रीथने धक्क्यावरून उडी घेतली, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा, आणि हिवाळ्याच्या त्या पाण्यात तो सुमारे अडीच तास झुंजत राहिला. त्याने आणि त्याच्या स्वयंसेवक साथीदारांनी मिळून अकरा जणांना वाचवले. या कामासाठी पुढे त्याला अमेरिकन सरकारचे जीवरक्षणाचे सुवर्णपदक मिळाले. हवाईत वाढलेला, अर्धाअधिक युरोपीय रक्ताचा माणूस, कॅलिफोर्नियात, जपानी मच्छीमारांसाठी पाण्यात उडी टाकतो. आणि तेही जपान्यांविरुद्धची चीड ज्या किनाऱ्यावर रोज वाढत होती, त्या किनाऱ्यावर. फलकावर लिहायला याहून चांगली गोष्ट कोणती हवी?

त्याने तरुणांची पथके तयार केली, पोहणे, सूर मारणे, वॉटरपोलो शिकवला, आणि पगारी जीवरक्षक म्हणून काम केले याच कारणाने त्याला व्यावसायिक ठरवून ऑलिंपिकपासून दूर ठेवले गेले. मे 1918 मध्ये सॅन डिएगोच्या ओशन बीचवर एकाच दिवशी पाण्याच्या ओढीने 13 जण बुडाले, तेव्हा तिथे फ्रीथला नेमण्यात आले. पुढच्याच वर्षी, 7 एप्रिल 1919 रोजी, इन्फ्लुएन्झाच्या साथीने तो गेला. वय 35. दर उन्हाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर लाल-पिवळे झेंडे लावून जी मुलेमुली उभी असतात, त्यांच्या कामाशी या माणसाचे नाते त्याच्या वडिलांच्या गावापेक्षा कितीतरी जवळचे आहे.

आयर्लंडला सांगण्यासारखे स्वतःचे काही नाही, म्हणून हा उसना दावा करावा लागतो, असेही नाही. केव्हिन केव्ही या तरुणाने 1962 मध्ये एका मासिकातला सर्फिंगवरचा लेख वाचला आणि विक्लोच्या किनाऱ्यावर घरगुती फळीनिशी प्रयत्न सुरू केले; चारच वर्षांनी तो सॅन डिएगोला जागतिक स्पर्धेत आयर्लंडचा प्रतिनिधी म्हणून उभा होता. रॉसनोलाच्या हॉटेलमालकीण मेरी ब्रिटन यांनी 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियाहून पाहुण्यांसाठी फळ्या आणल्या, आणि पाहुण्यांच्या आधी त्यांच्या मुलांनीच त्या पळवल्या. 1967 मध्ये ट्रामोरला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, 1972 मध्ये युरोपीय स्पर्धा लहिंचला आली. हिवाळ्यात 8-9 अंशांवर उतरणाऱ्या पाण्यात, रबरी पोशाख धड मिळतही नव्हते त्या काळात, ही मंडळी लोकरीचे स्वेटर घालून उतरत. या लोकांनी हवाईची विद्या कॅलिफोर्नियामार्गे उचलली, हे कधी लपवले नाही. त्यांच्या गोष्टीत मुळाचा अट्टहास नाही आणि म्हणून ती ऐकायला गोड लागते. पुढे बंडोरनच्या चुनखडीच्या खडकावर फुटणारी लाट, मलामोरच्या डोंगराएवढ्या हिवाळी लाटा, 2005 मध्ये मोहरच्या कड्यांखाली प्रथम गाठलेली ‘अल ना शारख’ म्हणजे शिंगरांच्या कड्याची लाट, हे सारे तुमचे आणि फक्त तुमचे आहे. कॅनडापासून आइसलंडपर्यंतच्या वादळांनी उठवलेला समुद्र हजारो किलोमीटर धावून ज्या खडकावर फुटतो, तो खडक कोणाकडून उसना घ्यावा लागत नाही.

मेरी ब्रिटन यांची नात ईस्की. तिचे नाव स्लायगोतल्याच एका लाटेवरून ठेवलेले, आणि त्या गावाच्या मूळ आयरिश नावाचा अर्थ मासळीने भरलेले ठिकाण असा. 2010 मध्ये ती इराणच्या बलुचिस्तानात, चाबहारच्या बाजूला गेली आणि डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकून तिथल्या लाटांवर उभी राहिली. नंतर ती पुन्हा गेली, इराणी स्त्रियांना घेऊन, आणि आज तिथल्या बलुची मुलामुलींना हा खेळ आपला वाटतो. तिथले ओमानचे आखात आमच्याच अरबी समुद्राला मिळते. पावसाळ्यात त्याच पाण्याला उधाण येते आणि मालवणात होड्या वर ओढून ठेवतात. चाबहारची मुले उद्या मोठी होऊन सर्फिंगची मुळे बलुचिस्तानात आहेत असे म्हणणार नाहीत. आम्हाला कोणी शिकवले ते मात्र सांगतील, आणि त्यात एका आयरिश बाईचे नाव येईल. फ्रीथच्या बाबतीतही तुम्हाला असेच नाव घ्यायला काय हरकत आहे?

आता प्रत्यक्ष मागण्या. ‘मुळे’ हा शब्द पत्रकांतून, संकेतस्थळांवरून आणि महोत्सवांच्या भाषणांतून काढावा. ‘नाते’ चालेल, ‘धागा’ चालेल. जिथे फ्रीथच्या वडिलांचा उल्लेख आहे, तिथे त्याच ओळीत आईचा आणि हवाईयन आजीचाही यावा. सांता क्रूझचे 1885 आणि ब्रिडलिंग्टनचे 1890 ही दोन वर्षे वगळून पहिलेपणाची कोणतीही यादी छापू नये. किनाऱ्यावरचे फलक नाहीतरी आयरिश आणि इंग्रजी अशा दोन भाषांत असतातच. सर्फिंगविषयीच्या फलकांवर तिसरी ओळ ‘हेए नालू’ ही असावी, आणि ती लिहिण्यापूर्वी हवाईतल्या एखाद्या भाषाशाळेकडून तपासून घ्यावी. 1984 पासून ते लोक लहान मुलांना आपल्या भाषेत वाढवण्याच्या शाळा चालवत आहेत आणि तुमच्या गेलस्कोलांशी, म्हणजे आयरिश माध्यमाच्या शाळांशी, बोलायला त्यांच्याकडे पुष्कळ असेल. शिकाऊंना पहिल्या दिवशी फळीवर झोपवून हात मारायला लावण्याआधी पाच मिनिटे ही गोष्ट सांगितली, तर थंडीने कुडकुडणारे लोक कंटाळतील अशी भीती मला नाही. मी सात वर्षे कुडकुडत ऐकते आहे.

माझ्याकडून मी सुरुवात केली आहे. पुस्तिकेची नवी आवृत्ती येत्या दिवाळीआधी छापायला जाईल. पहिल्या पानावरचे ते वाक्य तिच्यातून गेले आहे आणि त्या जागी व्हेनिसच्या धक्क्यावरचा तो डिसेंबरचा दिवस आला आहे. जुन्या प्रती ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी पहिले पान खुशाल फाडावे. आपल्यापैकी कोणाकडे केव्ही किंवा ब्रिटन मंडळींच्या काळातली छायाचित्रे असतील आणि ती छापण्याची परवानगी मिळणार असेल, तर महिनाअखेरपर्यंत कळवावे, म्हणजे छपाई तेवढी थांबवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
स्ट्रँडहिलच्या पाण्यातली एक शिकाऊ